आल्यातले अँटिऑक्सिडंट: वाण बदलला की नेमकं काय बदलतं?

आल्याचा ताजा गड्डा धारदार सुरीनं आडवा कापा आणि चकती उजेडाकडे धरा. बाहेर कागदासारखी पातळ साल, तिच्या आत फिकट पिवळा पट्टा, मग एक बारीक वर्तुळ आणि वर्तुळाच्या आत गाभा. गाभ्यात कापलेल्या रेषांची टोकं टिंबांसारखी उठून दिसतात. साधं दहापटीचं भिंग लावलं तर या सगळ्यात विखुरलेले पिवळे-केशरी ठिपके दिसू लागतात. हे ठिपके म्हणजे तेल आणि राळ साठवणाऱ्या पेशी. आल्याचा वास, तिखटपणा आणि ज्याला आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो त्यातला मोठा वाटा इथेच असतो. त्यांची दाटी सालीच्या लगेच खाली जास्त असते, म्हणून सुरीनं जाडसर साल काढली की बराच ऐवज सालीबरोबरच जातो. चमच्याच्या कडेनं खरवडलं तर तो वाचतो.

‘कुठल्या आल्यात अँटिऑक्सिडंट जास्त?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून लोकांना वाणाचं नाव हवं असतं. नाव देता येतं, पण तेवढ्यानं काम भागत नाही. गड्डा किती महिन्यांनी काढला, कसा वाळवला आणि कुठल्या चाचणीनं मोजला, यानं आकडा इतका हलतो की दोन वाणांमधला फरक त्यात बुडून जाऊ शकतो. वाणांची तुलना करणारे बरेचसे तक्ते याच जागी फसतात.

आधी मुद्देमाल बघू. ताज्या आल्यात मुख्य घटक जिंजेरॉल. त्याचे तीन भाऊ महत्त्वाचे: ६-जिंजेरॉल, ८-जिंजेरॉल आणि १०-जिंजेरॉल. ताज्या कंदात ६-जिंजेरॉल सर्वांत जास्त असतं. हे आकडे कशाचे, असा प्रश्न नेहमी पडतो, कारण रेणूतले कार्बन मोजले तर ६-जिंजेरॉलमध्ये ते १७ भरतात. गंमत अशी आहे की जिंजेरॉल तापवलं की त्याचे दोन तुकडे होतात. एक तुकडा झिंजेरोनचा, तो तिघांतही सारखाच. दुसरा तुकडा अल्डिहाइडचा, त्यात ६, ८ किंवा १० कार्बन असतात. नाव त्या तुकड्यावरून पडलं आहे.

तिघांच्या एका टोकाला एकसारखं कडं असतं: बेंझिनचं वलय, त्यावर एक हायड्रॉक्सिल आणि शेजारी मेथॉक्सी गट. व्हॅनिलिन, हळदीतलं करक्युमिन आणि मिरचीतलं कॅप्सायसिन यांच्यातही हीच घडण आहे. फ्री रॅडिकल (म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा, दुसऱ्यांवर तुटून पडणारा रेणू) समोर आलं की हायड्रॉक्सिलवरचा हायड्रोजन त्याला दिला जातो, आणि मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन वलयात पसरून शांत होतो. मेथॉक्सी गट त्याला आणखी आधार देतो. आल्याच्या अँटिऑक्सिडंटपणाचा गाभा एवढाच.

आता शोगाओल. जपानीत आल्याला शोगा म्हणतात, त्यावरून हे नाव. जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून गेला की शोगाओल तयार होतं. ६-जिंजेरॉलचा रेणूभार २९४, ६-शोगाओलचा २७६. फरक १८, म्हणजे नेमकं पाणी. शोगाओल जिंजेरॉलच्या दुपटीहून जास्त तिखट आहे, म्हणून सुंठ घशाला जास्त लागते. शुद्ध घटक घेऊन रॅडिकल विझवण्याची ताकद तपासली तर ६-शोगाओल सर्वांत पुढे, मग १०-जिंजेरॉल, मग ८, आणि शेवटी ६, असा क्रम मिळतो. म्हणजे ताज्या आल्यात जे सर्वांत जास्त आहे, तेच या चौघांत सर्वांत मवाळ. ‘एकूण जिंजेरॉल’ असा एकच आकडा देणारा तक्ता म्हणूनच अपुरा असतो. ६, ८ आणि १० यांचं आपसातलं प्रमाणही कळायला हवं.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ताज्या कंदात शोगाओल जवळपास नसतंच. ते वाळवताना, तापवताना किंवा जुनं होताना बनतं. ‘ताज्या आल्यात शोगाओल भरपूर’ असा आकडा दिसला तर वाणाचं कौतुक करण्याआधी नमुना किती अंशावर वाळवला ते विचारावं. अमेरिकेचा औषधकोश सुंठीच्या शोगाओलला वरची मर्यादा घालतो ती याचमुळे. तिथे ते माल तापल्याची किंवा जुना झाल्याची खूण मानलं जातं. एकाच्या लेखी गुण, दुसऱ्याच्या लेखी दोष.

आता वाणांकडे येऊ. आल्याचं पीक बियांपासून होत नाही. फूल येतं, पण बी धरत नाही. लागवड कायम बेण्याच्या तुकड्यांवर चालते. त्यामुळे एका वाणाची सगळी रोपं आनुवंशिकदृष्ट्या जुळ्यांसारखी असतात. फायदा असा की वाणाचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तोटा असा की संकर करून नवा वाण काढता येत नाही; निवड, उत्परिवर्तन किंवा गुणसूत्रं दुप्पट करणं, असेच मार्ग उरतात.

तरीही वाणावाणांत फरक आहे आणि तो लहान नाही. प्रसारित वाणांच्या माहितीत सहसा तीन आकडे असतात: ओलिओरेझिन, सुगंधी तेल आणि तंतू. ओलिओरेझिन म्हणजे द्रावकानं काढलेला तेल आणि राळेचा अर्क, आणि जिंजेरॉल त्यातच येतं. रिओ-दि-जानेरो आणि मारन या वाणांत ओलिओरेझिन सुमारे १० टक्के, सुरुची आणि सुरभी यांतही तितकंच. वरदामध्ये ६.७ टक्के, नादियामध्ये ५.४ च्या आसपास, महिमामध्ये ४.५. म्हणजे टोकाच्या दोन वाणांत दुपटीहून जास्त अंतर. पण नादिया आणि महिमा यांच्यात तंतू कमी, चार टक्क्यांच्या आत. मारनमध्ये सहाच्या वर. ज्याला मऊ, रेषा नसलेलं आलं हवं आहे आणि ज्याला अर्क काढायचा आहे, त्या दोघांचा वाण एकच असण्याचं कारण नाही.

इथे एक घोटाळा टाळावा. १० टक्के ओलिओरेझिन म्हणजे १० टक्के जिंजेरॉल नव्हे. त्यात सुगंधी तेल आहे, मेणचट भाग आहे, स्निग्ध पदार्थ आहेत. जिंजेरॉल हा त्यातला फक्त एक वाटा. सुगंधी तेलातलं झिंजिबेरीन किंवा सिट्राल वासाला उत्तम, पण रॅडिकल विझवण्यात जिंजेरॉलपुढे फिकं. त्यामुळे घमघमाट जास्त म्हणून अँटिऑक्सिडंट जास्त, हे गणित चुकतं. जिभेचा अंदाज नाकापेक्षा बरा, कारण तिखटपणा आणि फिनॉल (वलयावर हायड्रॉक्सिल असलेली ती घडण) हे इथे एकाच रेणूचे दोन गुण आहेत.

लाल आलं हा वेगळा प्रकार. मलेशियात त्याला हालिया बारा, इंडोनेशियात जाहे मेराह म्हणतात. गड्डे लहान, साल लालसर, तिखटपणा जास्त. सालीचा रंग अँथोसायनिनचा, आणि तेही अँटिऑक्सिडंटच. जपानमध्येही असंच आहे: किंतोकी हा लहान गड्ड्याचा प्रकार मोठ्या गड्ड्याच्या ओशोगापेक्षा तिखट. मोठा, फुगीर, पाणीदार गड्डा सौम्य आणि लहान, घट्ट गड्डा कडक, हा ढोबळ नियम बऱ्याच ठिकाणी लागू पडतो. पण तो ढोबळच आहे. गुणसूत्रं दुप्पट करून केलेल्या चतुर्गुणित वाणांचे गड्डे जाड होतात, आणि ऑस्ट्रेलियात अशा वाणांची त्यांच्या मूळ द्विगुणित वाणांशी तुलना केली तेव्हा जिंजेरॉलमध्ये ठोस फरक आढळला नाही. तिथे सगळ्यांत उठून दिसला तो जमैकन नावाचा वाण.

चकतीत निळसर-करडं वर्तुळ दिसलं की अनेकजण बुरशी समजून गड्डा टाकून देतात. काही वाणांत ते रंगद्रव्यच असतं. बुरशी मऊ, ओलसर असते आणि तिला कुबट वास येतो. रंगद्रव्याचं वर्तुळ कडक आणि स्वच्छ असतं, वास नेहमीचा.

नावानं आलं पण कुळानं दुसरं, अशा वनस्पती तुलनेत घुसडल्या की सगळाच बोजवारा उडतो. आंबेहळदीला काही भाषांत आंबा-आलं म्हणतात, पण ती हळदीची बहीण. कोळिंजनात मुख्य तिखट घटक अ‍ॅसिटॉक्सिचॅव्हिकॉल अ‍ॅसिटेट. ‘काळं आलं’ म्हणून विकलं जातं ते केम्फेरिया पार्विफ्लोरा, त्यात मेथॉक्सिफ्लॅव्होन असतात. यांचे अँटिऑक्सिडंट आकडे आल्याशेजारी मांडायला हरकत नाही, फक्त ते ‘आल्याचे वाण’ म्हणून मांडू नयेत.

कंद सोडून बाकीच्या भागांचं काय? आल्याच्या पानांत फ्लॅव्होनॉइड (फिनॉलचाच एक गट) आणि एकूण फिनॉल कंदापेक्षा जास्त निघतात. मलेशियाच्या हालिया बेंतोंग आणि हालिया बारा या दोन वाणांच्या कोवळ्या रोपांवर हे तपासलं गेलं. डीपीपीएच चाचणीत पानं पुढे, एफआरएपी चाचणीत कंद पुढे. तेच रोप, तोच अर्क, चाचणी बदलली तर निकाल उलटा! कारण पहिल्या चाचणीत रॅडिकल विझवण्याची क्षमता मोजली जाते, दुसरीत लोहाचं क्षपण करण्याची, म्हणजे लोहाला इलेक्ट्रॉन देण्याची. शिवाय पानातली रसायनं वेगळी, जिंजेरॉलचा साठा मात्र कंदात. त्याच वाणांवर असंही दिसलं की सावलीत फ्लॅव्होनॉइड वाढले आणि उन्हात एकूण फिनॉल वाढले. म्हणजे एक वाण सावलीत वाढवून आणि दुसरा उघड्यावर वाढवून केलेली तुलना ही वाणांची राहत नाही, उजेडाची होते.

वयाचं तसंच. पाच-सहा महिन्यांचं कोवळं आलं पाणीदार, साल बोटानं निघणारी, रेषा जवळपास नाहीत. आठ महिन्यांनंतर पानं पिवळी पडून सुकू लागतात. तेव्हा गड्डा भरलेला, साल घट्ट, तिखटपणा पक्का. सुंठीसाठी हाच टप्पा. एकाच वाणाचे हे दोन नमुने दोन वेगळे वाण म्हणून खपवता येतील, इतके निराळे लागतात.

आणि वाळवणी. ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. सुंठ नीट टिकायची तर ते १० टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं. अख्खा गड्डा साल न खरवडता वाळत घातला तर आत ओल राहते आणि बुरशी धरते. यंत्रात वाळवताना ६० अंशांच्या वर जाऊ नये. तापमान चढलं की तेल उडतं आणि जिंजेरॉलचं शोगाओल होण्याचा वेग वाढतो. आम्लानंही तेच होतं. ६-जिंजेरॉल पीएच ४ च्या आसपास सर्वांत स्थिर असतं. १०० अंशांवर पीएच १ मध्ये ठेवलं तर दोन तासांत जिंजेरॉल आणि शोगाओल यांचा समतोल होतो. हा बदल उलटाही फिरतो, हे अनेकांना माहीत नसतं.

आता मोजणी. दोन वाण स्वतः तपासून बघायचे असतील (महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे सहज जमतं), तर क्रम असा ठेवावा. प्रत्येक वाणाच्या किमान पाच रोपांचे गड्डे घ्या, एकाच वयाचे, एकाच शेतातले. बेण्याचा जुना तुकडा गड्ड्याला चिकटलेला असतो, तो काढून टाका. त्याची रसायनं वेगळी असतात. धुऊन, पुसून २ ते ३ मिलिमीटरच्या चकत्या करा. त्यातले ५ ग्रॅम १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलावा काढा. हा नमुना नंतर फेकायचा, चाचणीला वापरायचा नाही. बाकीच्या चकत्या ४० ते ४५ अंशांवर वाळवा. दळताना मिक्सर सलग चालवू नका, दहा-दहा सेकंद थांबत चालवा. भांडं गरम झालं की तिथेच शोगाओल बनायला सुरुवात होते. अर्धा मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. वर रेषा उरतात, त्या पुन्हा दळून भुकटीत मिसळा. फेकल्यात तर तंतूवाला वाण उगाच वरचढ ठरेल.

१ ग्रॅम भुकटीला २० मिली ८० टक्के मेथनॉल घालून अंधारात दोन तास हलवा, गाळा, चोथ्यावर तेच आणखी एकदा करा आणि दोन्ही वेळचा गाळलेला द्रव एकत्र करून ५० मिलीपर्यंत भरा. आता १ मिलीमध्ये २० मिलिग्रॅम भुकटीचा अर्क आहे. त्यातून दर मिलीत ०.१ ते २ मिलिग्रॅमपर्यंत पाच-सहा विरलनं करा, तीही ८० टक्के मेथनॉलमध्येच. साध्या पाण्यानं विरल केलंत तर राळ बाहेर पडते, द्रावण दुधाळ होतं आणि प्रकाशमापी गढूळपणालाच शोषण समजतो.

डीपीपीएच (हे स्वतःच एक टिकाऊ, रंगीत रॅडिकल) ३.९४ मिलिग्रॅम घेऊन १०० मिली मेथनॉलमध्ये विरघळवा. द्रावण गडद जांभळं होतं, आणि ते त्याच दिवशी वापरायचं असतं. २ मिली हे द्रावण, १ मिली अर्क, ३० मिनिटं अंधारात, मग ५१७ नॅनोमीटरवर वाचन. जांभळा रंग पिवळा होत जातो. नुसत्या डीपीपीएचच्या वाचनातून नमुन्याचं वाचन वजा करा, नुसत्या वाचनानं भागा, १०० नं गुणा, म्हणजे टक्का मिळतो. पण एकाच विरलनाचा टक्का सांगू नये. रंग निम्मा उतरायला किती अर्क लागतो, तो आकडा आलेखावरून काढावा. तो जितका लहान, तितका अर्क जोरकस. ‘९२ टक्के अँटिऑक्सिडंट’ असं कुणी लिहिलं तर त्याला काही अर्थ नाही. अर्क वाढवत नेला की कुठलंही आलं तिथे पोचतं.

अर्काचा स्वतःचा पिवळा रंग वजा करायला विसरू नका. त्यासाठी अर्क आणि डीपीपीएचशिवायचं मेथनॉल असा एक कोरा नमुना लागतो. अर्धा तास काटेकोर पाळा. व्हिटॅमिन सी काही क्षणांत काम संपवतं, जिंजेरॉलसारखे फिनॉल सावकाश चालतात. एक वाण २० मिनिटांनी आणि दुसरा ४० मिनिटांनी वाचलात, तर फरक घड्याळाचा असेल.

एकूण फिनॉलसाठी फोलिन-सिओकाल्टू चाचणी लोकप्रिय आहे: अर्धा मिली अर्क, दहापट विरल केलेलं फोलिन द्रावण २.५ मिली, ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिली, अर्ध्या तासानं ७६५ नॅनोमीटरवर वाचन, तुलनेला गॅलिक आम्ल. तिचं नाव मात्र फसवं. ती व्हिटॅमिन सी आणि काही साखरांनाही फिनॉल म्हणून मोजते. जिंजेरॉल-शोगाओल वेगवेगळं हवं असेल तर एचपीएलसीला (द्रवातले घटक स्तंभातून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. सी-१८ स्तंभ, अ‍ॅसिटोनायट्राइल आणि पाणी, २८० नॅनोमीटर. गॅस क्रोमॅटोग्राफीनं जिंजेरॉल थेट मोजल्याचे आकडे मात्र सावधपणे घ्यावेत. तिथल्या गरम तोंडाशीच जिंजेरॉल तुटून झिंजेरोन आणि शोगाओल होतं, आणि जे नव्हतंच ते कागदावर उमटतं.

मग ओल्या-सुक्या वजनाचा घोळ. समजा एका वाणात ८० टक्के पाणी आणि सुक्या वजनावर १.२ टक्के जिंजेरॉल. दुसऱ्यात ८५ टक्के पाणी, पण सुक्यावर १.५ टक्के. सुक्याच्या तक्त्यात दुसरा जिंकतो. आता १०० ग्रॅम ताजं आलं घ्या: पहिल्यात २० ग्रॅम सुका भाग, म्हणजे २४० मिलिग्रॅम जिंजेरॉल, दुसऱ्यात १५ ग्रॅम, म्हणजे २२५. ताजं वापरणाऱ्यासाठी पहिला सरस! दोन्ही तक्ते खरे, फक्त खाली आधार लिहिलेला नसला तर दोन्ही निरुपयोगी.

परीक्षानळीतला विजय शरीरात तसाच उतरत नाही, हेही सांगायला हवं. जिंजेरॉल आणि शोगाओल आतड्यात आणि यकृतात झपाट्यानं ग्लुकुरोनिक आम्लाशी किंवा सल्फेटशी बांधले जातात. रक्तात मोकळे फारसे सापडत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांचे ओआरएसी (परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीचे) आकडे २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून घेतले ते याच कारणानं: आकड्यांचा गैरवापर जाहिरातीत होत होता आणि आरोग्याशी त्यांचा थेट संबंध दाखवता येत नव्हता. वाण निवडायला हे आकडे कामाचे आहेत, औषधाची मात्रा ठरवायला नाहीत.

घरी ठेवताना फ्रीजचा अतिगारवा आल्याला मानवत नाही. १२ अंशांखाली बरेच दिवस राहिलं की ते मऊ पडतं, सुरकुततं. थोड्या दिवसांत संपणार असेल तर कोरड्या, हवेशीर जागी ठेवलेलं बरं. आणि पाण्यात उकळायचं असेल तर जाड तुकडे टाकू नका, किसून घाला. जिंजेरॉल पाण्यात फार कमी विरघळतं, पेशी फुटल्या तरच त्यातलं थोडंफार बाहेर येतं. पडताळा घ्यायचा असेल तर उकळून झाल्यावर गाळणीत उरलेला तुकडा चावून बघा; जीभ चुरचुरली, तर तेवढा माल अजून तुकड्यातच आहे.